स्तेफाबाई आणि तळघरातला ड्रायर

परवा आमच्या इमारतीतला जुना ड्रायर दोन माणसं येऊन उचलून घेऊन गेली, आणि आमची वैशाली रडली. रेगेन्सबर्गच्या या घरात आम्हाला सात वर्षं झाली. मधल्या काळात तिच्या बाबांचं ऑपरेशन झालं, माझी नोकरी जाता जाता राहिली, पण ही बाई जिन्यात बसून अशी रडलेली मी पाहिली नव्हती. "अहो, थांबवा ना त्यांना जरा!" असं तिने खालून ओरडून सांगितलं तेव्हा मी चपला शोधत होतो. तळघरात पोचलो तर हिने त्या दोघांना थांबवलंच होतं. ड्रायरमध्ये आमचे ओले टॉवेल कोंबून, तो शेवटचा एकदा सुरू करून, ही मोबाइलवर त्याचा आवाज रेकॉर्ड करत होती. ते दोघं हातमोजे घालून अदबीने उभे होते. 'हे कामाचं आहे' एवढं सांगितलं की इथला माणूस कशासाठीही थांबतो.

नवा ड्रायर आला तो मुका. विजेची बचत करतो म्हणे. "आवाजच नाही मेल्याला," वैशाली म्हणाली आणि पुन्हा डोळे पुसले. हे सगळं कळायचं तर स्तेफाबाई सांगायला हव्यात.

स्तेफाबाई आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. त्यांच्या माणसांत त्यांना 'पानी स्तेफा' म्हणत. पानी म्हणजे बाई. बाप्या असेल तर पान. त्या हिशेबाने मी पान श्रीकांत होतो, आणि माझ्या हिशेबाने त्या स्तेफाबाई. ठेंगण्या, खांद्याला रुंद, आणि अंगात बारा महिने वडिलांचा तपकिरी स्वेटर. कोपर झिजलं की नवं कोपर विणायच्या, कॉलर विरली की नवी कॉलर. त्यात वडिलांचं आता नेमकं काय उरलं होतं देव जाणे, पण स्वेटर वडिलांचा.

बाई युक्रेनी. पण जन्म इथलाच, याच शहराच्या दक्षिणेकडच्या वसाहतीतला. महायुद्ध संपल्यावर तिथे निर्वासित युक्रेनी लोकांची छावणी होती. पुढे बहुतेक मंडळी बोटीत बसून अमेरिकेला, कॅनडाला गेली. स्तेफाबाईंच्या वडिलांच्या छातीत दोष निघाला, त्यांना बोटीवर घेतलं नाही. ते राहिले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा गायकवृंद राहिला. 'क्रिनित्सा' त्याचं नाव. क्रिनित्सा म्हणजे विहीर. छावणीत विहीर नव्हती, एक नळ होता आणि त्या नळापाशी पहिली तालीम झाली. पण नळाच्या नावाने कोणी गायकवृंद काढत नाही.

ज्या देशाची गाणी त्या जन्मभर गायल्या, तो देश त्यांनी एकदाच पाहिला. चाळिशीत. पंधरा दिवस राहून आल्या. कसा वाटला म्हणून मी विचारलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण गाणी चुकीची म्हणतात."

आमची ओळख झाली ती मी खोटं बोललो म्हणून. २०१२ साली आम्ही इथे राहायला आलो. रविवारची दुपार, म्हणजे इथे इमारतीत टाचणी पडलेली चालत नाही. वैशाली कणीक मळता मळता गात होती. तिने लग्नाआधी गाण्याच्या परीक्षा दिलेल्या. लग्नानंतर गाणं मंडळाच्या गणपतीपुरतं आणि कणकेपुरतं उरलेलं. बेल वाजली. दारात ही बाई. झालं, म्हटलं, पहिल्याच महिन्यात तक्रार.

"कोण गातंय?"

"रेडिओ," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. वैशाली पिठाच्या हातांनी उभी होती.

"रेडिओला सांगा," स्तेफाबाई म्हणाल्या, "गुरुवारी संध्याकाळी तालीम असते. पीठ धुऊन यायचं."

रेडिओ गेला. पहिल्या दिवशी परत आली ती कान धरून. "अहो, काय भयंकर ओरडतात हो! गळा उघडा टाकून, थेट. ना मींड, ना काही." दुसऱ्या गुरुवारी मात्र स्वतःहून स्वेटर चढवून तयार. स्तेफाबाईंनी तिला सांगितलं होतं, "दितीनो, तू झाकून गातेस. शेताच्या पलीकडच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे." दितीनो म्हणजे बाळ. आमच्या बाळाने तेव्हा पस्तिशी ओलांडली होती. शेत तर त्या परिसरात औषधालाही नव्हतं. पलीकडे बस डेपो होता. दोन महिन्यांत डेपोला ऐकू जाऊ लागलं.

त्यांची एक सवय मला सुरुवातीला फार विचित्र वाटायची. कुठलंही गाणं सुरू करायच्या आधी, मग ती तालीम का असेना, त्या पुढे यायच्या, स्वेटर खाली ओढायच्या आणि मोठ्याने सांगायच्या: "युक्रेनी गायकवृंद क्रिनित्सा, रेगेन्सबर्ग." मग गाणं. दुसऱ्या गाण्याआधी पुन्हा तेच. समोर फक्त मी असायचो, तोही वैशालीला घ्यायला लवकर आलेला.

"मला माहीत आहे हो," मी एकदा म्हणालो.

"तुम्हाला माहीत आहे. पण सांगायची पद्धत आहे." आणि मग, मला वाईट वाटू नये म्हणून की काय, पुढे म्हणाल्या, "छावणीत वडिलांना साहेब विचारायचा, तू कोण? हे सांगायचे युक्रेनी. साहेब म्हणायचा, असा देशच माझ्या यादीत नाही. पोलिश लिहू की रशियन? वडील घरी येऊन आम्हाला सांगायचे, आधी आपण कोण ते म्हणायचं, मग गायचं. नाहीतर गाणं दुसऱ्याच्या नावावर जातं."

आता पैशाची गोष्ट. चर्चच्या ज्या हॉलमध्ये तालीम व्हायची त्याचं भाडं वाढलं, गरम करण्याचा खर्च वेगळा. गाणारी धरून-बांधून सहाच माणसं उरलेली, त्यात बोहदान नावाचे निवृत्त बसड्रायव्हर, ज्यांचा खर्जातला आवाज असा की काच थरथरावी, पण दोन गाण्यांच्या मधे ते झोपत. आणि त्याच हिवाळ्यात क्रिनित्साची सत्तरी. स्तेफाबाईंना आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती: वसाहतीतल्या मोठ्या सभागृहात, लोकांसमोर, वडिलांनी ठेवलेल्या नावाने सत्तरीचा कार्यक्रम. एकदा. पुढे गायकवृंद राहतो का जातो, याचा त्रागा त्या करत नव्हत्या.

परदेशातल्या लोकांची गाणीबजावणी टिकावीत म्हणून मदत देणारी एक श्टिफ्टुंग, म्हणजे धर्मादाय संस्था, होती. मदत फक्त नोंदणी केलेल्या फेराइनला, म्हणजे मंडळाला. जर्मनीत चार माणसं एकत्र येऊन ससे पाळू लागली तरी त्यांचा फेराइन असतो, पण क्रिनित्साचा नव्हता. वडिलांनी छावणीत 'नोंदणी' हा शब्द इतका ऐकला होता की पुढे त्यांनी कुत्र्याचीसुद्धा केली नाही. फेराइनला संस्थापक सात लागतात. स्तेफाबाई सातव्या माणसाच्या शोधात खाली आल्या.

"मला गाता येत नाही," मी म्हणालो.

"ते ऐकलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही सेक्रेटरी."

अशा रीतीने मी, कसबा पेठेतला गिअरबॉक्सवाला इंजिनिअर, युक्रेनी लोकसंगीताचा पदाधिकारी झालो. काम खुर्च्या मांडायचं, खुर्च्या उचलायचं आणि जर्मनमध्ये पत्रं लिहायचं. ऑफिसात मी कुणाला सांगितलं नाही.

आमचा आंत्राग, म्हणजे मदतीचा अर्ज, गेला. मग संस्थेकडून हेर ब्रांडल (हेर म्हणजे इथलं श्रीयुत) नावाचे गृहस्थ तालीम पाहायला आले. मनुष्य वाईट नव्हता. अस्सल बव्हेरियन, गावातल्या बँडमध्ये ट्यूबा वाजवणारा; आल्या आल्या ते सांगूनही टाकलं. पण स्तेफाबाईंनी स्वागताची तयारी केली होती. भरतकाम केलेला लांब टॉवेल दोन्ही हातांवर, त्यावर स्वतः भाजलेला गोल पाव, पावाच्या मधोमध मिठाची वाटी. पाहुण्याने तुकडा मोडायचा, मिठाला लावायचा, तोंडात टाकायचा. आपण ओवाळतो तसंच.

हेर ब्रांडल एक पाऊल मागे सरकले. "फार सुंदर," ते म्हणाले. "पण आंत्राग विचाराधीन असताना मला भेटवस्तू घेता येत नाही."

"भेट नाही. पाव आहे," स्तेफाबाई म्हणाल्या.

"हो, पण पाव ही वस्तू आहे."

बाईंनी हात खाली घेतले नाहीत. हेर ब्रांडल पुढे आले नाहीत. बोहदान जागे झाले. सेक्रेटरी मी. मी पुढे होऊन म्हणालो, "हेर ब्रांडल, ही भेट नाहीच. कार्यक्रमाचा पहिला भाग आहे." त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर! मग मी तो बघतो." आणि खरोखर, खुर्चीवर बसून, बाईंच्या हातातल्या पावाकडे त्यांनी चांगलं मन लावून पाहिलं.

पाव कोणी मोडला नाही. पाहुण्याने मोडल्याशिवाय घरच्यांनी मोडायचा नसतो. आठवडाभर तो स्तेफाबाईंच्या टेबलावर कडक होत बसला होता. शेवटी त्यांनी तो डॅन्यूबच्या काठी बदकांना घातला; बदकं पाहुणी धरली तर चालतं असं त्यांनी स्वतःशी ठरवलं.

संस्थेचं उत्तर आलं आणि आम्ही सगळे स्तेफाबाईंच्या स्वयंपाकघरात जमलो. समजावून सांगायला हेर ब्रांडल स्वतः आले होते. मदत मंजूर होती. सभागृह, हीटिंग, कपडे, सगळं. अट एक. एवढ्याशा गायकवृंदाला स्वतंत्र मदत नियमात बसत नव्हती, म्हणून शहरातल्या एका मोठ्या रशियन मेळ्यात आम्ही सामील व्हायचं. त्यांच्याकडे लाल बूट होते, ॲकॉर्डियन होतं, पस्तीस माणसं होती. एकत्र नाव 'स्लाव्ह आत्मा'. "आणि सध्या तिकडे जी परिस्थिती आहे," हेर ब्रांडल म्हणाले, "तिच्यात सगळे एका नावाने गायले तर किती चांगला संदेश जाईल!" आदल्या वर्षीच तिकडे, युक्रेनच्या पूर्वेला, रशियाशी युद्ध पेटलं होतं. बोहदानचा भाचा तिथे होता.

मग स्तेफाबाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं, "हेर ब्रांडल, तुमच्या गावच्या बँडला उद्या मदत मिळाली. अट अशी की बर्लिनकरांच्या बँडमध्ये जायचं आणि नाव घ्यायचं 'प्रशियन आत्मा'. तुम्ही ट्यूबा घेऊन जाल?"

बव्हेरियन माणसाला प्रशियन म्हणणं म्हणजे कोल्हापूरकराला 'म्हणजे पुण्याजवळचेच ना तुम्ही' म्हणणं. हेर ब्रांडल कानापर्यंत लाल झाले.

"नाही जाणार," ते म्हणाले. "पण नियमावलीत हे कुठे लिहू?"

ते गेल्यावर मात्र आमच्यातच जुंपली. बोहदान म्हणाले, माझ्या गुडघ्यांना हीटिंगवाला हॉल हवा, आत्म्याला काय नाव द्यायचं ते द्या. आणि मी, पुणेरी व्यवहारी डोकं, म्हणालो, "स्तेफाबाई, घ्या हो पैसे. नाव काय, फक्त कागदावर! गायचं तर आपलं आपणच आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पान श्रीकांत," त्या म्हणाल्या, "माझ्या जन्माच्या दाखल्यावर पोलिश आहे. शाळेच्या दाखल्यावर रशियन. लग्नाच्या वेळी लिहिलं, देश नाही. प्रत्येक साहेब चांगला होता. प्रत्येक साहेब म्हणाला, फक्त कागदावर."

घरी आल्यावर वैशालीने मला चांगलं फैलावर घेतलं. "तुमच्या आईला कोणी बदलापूरची शिंदीण म्हणून जेवायला बोलावलं तर जातील का हो त्या?" आमच्या आई पत्रिकेवर आडनाव चुकलं म्हणून सख्ख्या भाच्याच्या मुंजीला गेल्या नव्हत्या. मी मुकाट्याने नकाराचं पत्र लिहायला घेतलं. मनातून मला फार वाईट वाटत होतं. सत्तरी गेली, हे उघडच होतं.

हॉल सुटला. गुरुवार आला. आणि संध्याकाळी स्तेफाबाई कपड्यांची टोपली काखेत घेऊन तळघरात उतरल्या. आमच्या इमारतीत तळघरातली कपडे धुण्याची खोली प्रत्येक घराला वाराने वाटून दिलेली आहे. गुरुवार संध्याकाळ स्तेफाबाईंची. त्यांच्यामागून टोपल्या घेतलेली आणखी पाच माणसं उतरली. पहिल्याच गाण्याला हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारे हेर मायर, धावत आले. जिन्यात सायकल तिरकी लावली तरी चिठ्ठी चिकटवणारा हा माणूस. त्यांनी दार उघडलं, सगळ्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"गुरुवार," ते म्हणाले. "फ्राउ स्तेफाचा वार. त्यात कोण काय धुतं, ते मी बघत नाही." आणि दार हळूच लावून घेतलं.

ड्रायर चालू होता. खोलीतला गारठा घालवायला बोहदाननीच लावला होता. वैशाली मधेच थांबली. "अहो, हा काळी चार लावतोय!" मग काय, तिचं संशोधन सुरू. रिकामा लावला तर सूर चढतो, फार भरला तर घरघरतो, पण मोठे ओले टॉवेल घातले की तानपुऱ्यासारखा स्थिर. टॉवेल आमचेच. तिथून पुढे गुरुवारी आमच्या घरी आंघोळीनंतर अंग पुसायला काही नसे. स्तेफाबाईंनी पहिल्यांदा डोळे मिटून तो सूर ऐकला आणि म्हणाल्या, "वडिलांना नळाचा आवाज असाच लागायचा." खरं खोटं त्यांनाच माहीत, वडिलांच्या तालमीच्या वेळी त्या जन्मल्या नव्हत्या.

सत्तरी तळघरात झाली. प्रत्येक घरातून स्टुलं आली, हेर मायर यांनी दोरीवरचे कपडे स्वतः काढले आणि घड्या घालून ठेवले. दाराशी एका मशीनवर तो भरतकामाचा टॉवेल, त्यावर ताजा पाव, मीठ. तो कुणासाठी ते बाईंनी सांगितलं नव्हतं. सगळे शेजारी पावाला वळसा घालून आत येऊन बसले. इथे विचारल्याशिवाय कोणी कशाला हात लावत नाही.

सुरू करायची वेळ झाली, आणि जिन्यावरून हेर ब्रांडल उतरले. अंगात कोट नाही, साधं जाकीट. दारातच उभे राहिले.

"कुणाकडून आलात?" स्तेफाबाईंनी विचारलं.

"कुणाकडूनच नाही. माझा मी आलोय."

बाईंनी पाव टॉवेलसकट उचलून दोन्ही हातांवर घेतला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. हेर ब्रांडल यांनी विचार केला. ते विचार करताना दिसतही होते. "आल्झो," ते म्हणाले, "आंत्राग आता नाही. म्हणजे चालेल." त्यांनी तुकडा मोडला, चांगला मोठा, मिठाला लावला आणि खाल्ला. मी आपला ड्रायर लावायला वळलो. सेक्रेटरीचं काम होतं ते. पाठीमागे स्तेफाबाई पुढे आल्या, स्वेटर खाली ओढला आणि नाव सांगितलं, संपूर्ण, पलीकडच्या डेपोला ऐकू जाईल असं. मधेच कधीतरी ड्रायरचा कार्यक्रम संपून तो पिप् पिप् करून थांबला. गाणं थांबलं नाही. सूरही हलला नाही, असं वैशाली अजून सांगते.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात स्तेफाबाई गेल्या. झोपेतच. गुरुवारची तालीम वैशाली घेते. हेर मायर यांनी तो वार कुणालाच दिला नाही. "अजून धुणं चालूच आहे," म्हणतात.

मला त्या दिसतात त्या जाण्याच्या आधीच्या गुरुवारच्या. वैशाली पुण्याला गेली होती, बोहदान आणि बाकीचे तापाने झोपलेले, तालीम नाही असंच मी धरून चाललो होतो. तरी सकाळी दारावर टकटक झाली आणि टॉवेल मागून नेले गेले. संध्याकाळी ते आणायला मी खाली उतरलो. दार अर्धं उघडं होतं. ड्रायर चालू, स्टुलं रिकामी. बाई एकट्याच उभ्या. त्यांनी ड्रायरसमोर नाव सांगितलं आणि एकटीने सगळं गाणं म्हटलं. जिथे बोहदानचा खर्ज यायचा तिथे तेवढा वेळ गप्प राहून वाट पाहत. मी पायरीवरच थांबलो. गाणं संपल्यावर काय करावं ते न कळून टाळ्या वाजवल्या.

"टॉवेल अजून ओले आहेत, पान श्रीकांत," त्या मागे न बघता म्हणाल्या. "बसा."

मी पायरीवर बसलो. त्यांनी स्वेटर सारखा केला, माझ्याकडे वळल्या, आणि पुन्हा एकदा पूर्ण नाव सांगितलं.